हात आधी की नजर?

दंतवैद्यकाचा विद्यार्थी आणि वृद्ध रुग्ण यांच्या नात्याकडे दोन अंगांनी पाहिले जाते. एक अंग आत्मविश्वासाचे: या माणसाची तपासणी, उपचारांची आखणी आणि प्रत्यक्ष काम आपल्याला जमेल, असे विद्यार्थ्याला कितपत वाटते. दुसरे वृत्तीचे: म्हातारपणाबद्दल आणि म्हाताऱ्या माणसांबद्दल त्याच्या मनात काय आहे. शिक्षणाच्या चर्चेत ही दोन्ही एका दमात उच्चारली जातात, जणू एक वाढले की दुसरे आपोआप वाढणार. दंत महाविद्यालयांतल्या शिक्षकांत मात्र यावर दोन मते आढळतात. कृत्रिम दंतशास्त्र विभागात, म्हणजे बोलण्यातल्या 'प्रॉस्थो'त, बहुधा असे म्हटले जाते की हात बसला की भीती जाते आणि भीती गेली की वागणूक सुधारते. सार्वजनिक दंतआरोग्य विभागाचे म्हणणे उलटे असते: नजर तयार नसेल, तर बसलेला हात फक्त जबडा हाताळतो. पुढील संवादात पहिले मत प्रॉस्थोच्या एका प्राध्यापिकेच्या आणि दुसरे सार्वजनिक दंतआरोग्याच्या एका प्राध्यापकाच्या तोंडी घातले आहे.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. भारतात बी.डी.एस.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप असते. लहान मुलांच्या दातांसाठी त्यात स्वतंत्र विषय, स्वतंत्र विभाग आणि पुढे एम.डी.एस.ची स्वतंत्र शाखा आहे. वृद्धांसाठी यातले काहीच नाही. एम.डी.एस.च्या नऊ शाखांत जराचिकित्सेचे नाव नाही. पदवीच्या पातळीवर तो विषय प्रॉस्थो, ओरल मेडिसिन आणि सार्वजनिक दंतआरोग्य यांच्या प्रकरणांत विखुरलेला आहे. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींच्या वर गेली होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 8.6 टक्के होते. महाराष्ट्रात ते 9.9 आणि गोव्यात 11.2 टक्के. आज बी.डी.एस. होऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरच्या सबंध कारकिर्दीत हे प्रमाण वाढतच जाणार आहे.

प्राध्यापिका सुरुवात भीतीपासून करतात. "सर, विद्यार्थ्यांच्या मनात वृद्धांविषयी तिटकारा असतो हे मला पटत नाही. दिसते ती धास्ती. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांनी प्लास्टरच्या जबड्यावर मेणाची रिम बनवलेली असते, दात रचलेले असतात. त्या जबड्याला लाळ सुटत नाही, उमासा येत नाही. मग अंतिम वर्षात खुर्चीत सत्तरीच्या आजी येऊन बसतात. ट्रे तोंडात गेला की त्यांना उमासा येतो, जीभ वर येते, ठसा बिघडतो. दोन-तीनदा असे झाले की विद्यार्थी म्हणतो, पेशंट सहकार्य करत नाही. हे वाक्य न जमण्यातून येते. ठसा जमू लागला की ते त्याच्या तोंडून आपोआप नाहीसे होते."

या म्हणण्याला मानसशास्त्राचा भक्कम आधार आहे. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये स्व-क्षमतेची जी मांडणी केली, तिच्यानुसार 'मला हे जमेल' ही भावना चार वाटांनी येते: स्वतः काम तडीस नेल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने, कुणी धीर दिल्याने आणि शरीराच्या अवस्थेतून, म्हणजे थरथर, घाम, धडधड यांचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. या चारांत पहिली वाट सर्वांत बळकट मानली जाते. पूर्ण कवळीचे काम तिला अनुकूल आहे. प्राथमिक ठसा, अंतिम ठसा, जबड्यांचे नाते ठरवणे, मेणातल्या दातांची ट्रायल आणि शेवटी कवळी बसवणे, अशा पाच-सहा भेटींत विद्यार्थी एकाच माणसाबरोबर काम करतो आणि शेवटी त्याच्या हातून एक वापरायची वस्तू तयार होते. पदवीच्या काळात इतके सलग, आपले म्हणावे असे काम विद्यार्थ्याच्या वाट्याला फार थोड्या वेळा येते.

प्राध्यापक हे मान्य करून पुढचा प्रश्न विचारतात. "मॅडम, आत्मविश्वास वाढतो, पण कशाबद्दलचा? ठसा घेण्याचा. त्या आजींच्या बाबतीत त्याने आधी काय शिकलेले असते ते बघा. मिलस हाउस यांचे वर्गीकरण. पेशंट चार प्रकारचे: समजूतदार, काटेकोर, उदासीन आणि हिस्टेरिकल. व्हायवाला हमखास विचारतात, म्हणून सगळ्यांना ते पाठ असते. वृद्ध माणसाच्या मनाविषयी विद्यार्थ्याच्या वहीत असलेले हे पहिले आणि पुष्कळदा एकमेव पान. कवळी टोचते अशी तक्रार तिसऱ्यांदा आली, की तो तपासणीआधी हा प्रकार कोणता ते ठरवतो."

प्राध्यापिकांना वर्गीकरण पूर्ण टाकून द्यावेसे वाटत नाही. ज्याला कवळी नकोच आहे, मुलांच्या आग्रहाखातर जो आला आहे, त्याचे मन आधी ओळखणे गरजेचे असते, आणि हाउस यांचा हेतूही तोच होता. पण तक्रारीचा अर्थ लावायला त्या दुसरीकडे बोट दाखवतात. "आंत्ये टॅलग्रेन यांचा 1972 चा अहवाल मी मुद्दाम शिकवते. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा मागोवा त्यांनी 25 वर्षांपर्यंत घेतला. दात गेल्यावर हाड झिजत राहते, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. खालची कवळी जिभेच्या प्रत्येक हालचालीने उचलली जाते, कारण तिला धरायला हाडच उरलेले नसते. हे ज्याला कळले तो आजींना चिकित्सक म्हणणार नाही; कवळीची कड तपासेल. म्हणजे नजर सुधारली ती ज्ञानाने. वेगळा उपदेश लागला नाही."

हा मुद्दा खरा आहे आणि तो फक्त कवळीपुरता नाही. म्हातारपणावर ढकलल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींना नेमकी कारणे असतात. तोंड कोरडे पडणे हे वयाचे लक्षण समजले जाते. प्रत्यक्षात त्यामागे बहुतेक वेळा औषधे असतात. रक्तदाबाची, नैराश्याची, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली, अशी अनेक औषधे लाळ कमी करतात, आणि एका माणसाला ती चार-पाच एकदम चालू असली की परिणाम वाढतो. लाळ कमी झाली की हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. 'वय झाले, दात किडणारच' असे म्हणणारा विद्यार्थी औषधांची यादी मागत नाही. यादी मागणारा विद्यार्थी जास्त फ्लोराइडची पेस्ट, फ्लोराइड वार्निश किंवा किडीवर लावायचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा विचार करू शकतो.

प्राध्यापक मात्र ज्ञानावर थांबायला तयार नाहीत; ते 'कोट्या'कडे वळतात. परीक्षेला बसण्याआधी विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने कामे पूर्ण करायची असतात, त्यालाच महाविद्यालयांत कोटा म्हणतात. त्या हिशेबात वृद्ध माणूस 'सीडी' होतो, म्हणजे कंप्लीट डेंचर. "आमच्याकडे कुणी म्हणत नाही की एक निवृत्त शिक्षक आले आहेत. म्हणतात, सीडी आली आहे, कुणाला हवी? आणि सगळ्यांना हवी असते ती चांगल्या रिजची, म्हणजे हिरडीखाली हाड टिकून असलेली. झिजलेल्या जबड्याचा, थरथरत्या मानेचा, कमी ऐकू येणारा माणूस बाकावर बसून राहतो. कोट्यासाठी विद्यार्थी पेशंटच्या फीचे पैसे स्वतः भरतात, रिक्षाने आणतात, सोडतात. यात पुष्कळदा खरा जिव्हाळाही असतो, ते मी नाकारत नाही. पण कवळी दिली, सही झाली, की हिशेब मिटतो."

"सही झाली की मिटतो, हे मात्र खरे," प्राध्यापिका म्हणतात, आणि संवाद इथे वेगळे वळण घेतो. दोघांच्याही बाजूने सर्वांत महत्त्वाचे ते कवळी दिल्यानंतरच घडते. दुसऱ्या दिवशी पहिली तपासणी व्हावी, मग आठवड्याने, असे पुस्तकात असते. त्या काळात कड टोचून हिरडीवर जखम होते. 'स' उच्चारताना शीळ येते. शेंगदाण्याचा कूट कवळीखाली शिरतो. ज्वारीची भाकरी चावता येईल म्हणून कवळी केलेली असते आणि माणूस अजून ती दुधात कुस्करूनच खात असतो. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हे सांगूनही पाळले जात नाही आणि टाळू लाल होते. या प्रत्येक तक्रारीला कारण आणि इलाज आहे, आणि तो शोधताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळते की आपण केलेल्या वस्तूबरोबर कुणाला तरी रोज जगायचे आहे. नेमक्या याच भेटींना बहुतेक ठिकाणी कोट्यात वजन नसते. ज्याने मोजून पाच कवळ्या दिल्या पण तीन महिन्यांनी त्यांपैकी किती तोंडात आहेत आणि किती डब्यात, हे पाहिले नाही, त्याचा आत्मविश्वास अर्धवट माहितीवर उभा आहे.

रुग्ण परत न येण्यामागे उदासीनता असते, असे विद्यार्थी धरून चालतो. त्यावर प्राध्यापकांचे उत्तर साधे आहे. "एसटीत 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून तिकीट नाही, 65 पासून अर्धे आहे. आजोबांचा प्रवासखर्च सुटला. पण त्यांना एकट्याने येता येत नाही. सोबतच्या मुलाचे तिकीटही पडते आणि रोजही बुडतो. सहा भेटी म्हणजे सहा रोज. त्यात ठसा बिघडला म्हणून सातवी. मग कड घासून घ्यायला आठव्यांदा कोण येईल? विद्यार्थ्याला हे कुणी विचारायला लावत नाही, केस पेपरवर त्याला रकाना नाही."

आत्मविश्वासाच्या अभावाला सावधगिरीचे रूप कसे येते, याचे सर्वांत ठळक उदाहरण दात काढण्याच्या खोलीत सापडते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेला पासष्टीचा माणूस हलणारी दाढ काढायला येतो. विद्यार्थी केस पेपरवर लिहितो: फिजिशियनचे फिटनेस आणा. माणूस दुसऱ्या इमारतीत जातो, रांगेत उभा राहतो, तिथे त्याला ईसीजी सांगतात, दुसऱ्या दिवशी या म्हणतात. काही जण परत येत नाहीत. काही जण कुणाच्या तरी तोंडी सल्ल्यावरून गोळी स्वतःच बंद करून येतात, आणि ते अधिक धोक्याचे आहे. आज मान्य असलेली पद्धत अशी की साध्या एक-दोन दात काढण्यासाठी ॲस्पिरिन बंद करत नाहीत. वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप, ताज्या तपासणीत अपेक्षित मर्यादेत असेल, तर तेही चालू ठेवून, दाब, टाके आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा अशा स्थानिक उपायांनी रक्त थांबवता येते. गोळी थांबवल्याने होऊ शकणारा पक्षाघात हा दाढेच्या रक्तस्रावापेक्षा फार मोठा धोका.

प्राध्यापिका म्हणतात, "हेच मी सुरुवातीपासून सांगते आहे. ज्याने शिक्षकांच्या देखरेखीखाली अशा चार दाढा काढल्या, तो आजोबांना विनाकारण पळवणार नाही." प्राध्यापक उत्तर देतात, "चार दाढा काढलेला दुसरी चूकही करतो, मॅडम. तो विचारतो, कुठल्या गोळ्या चालू आहेत? आजी पिशवी उलटी करून दाखवतात. हाडे ठिसूळ झाली म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा दिलेले झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाइन पिशवीत नसते, आणि आजींच्या लेखी ते औषधही नाही. हात बसलेला मुलगा दाढ काढतो आणि पुढे महिनोन्महिने जबड्याचे हाड उघडे राहते." बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांमुळे जबड्याचे हाड मरण्याचा हा विकार 2003 मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी प्रथम नोंदवला. ठिसूळ हाडांसाठी दिलेल्या मात्रेत त्याचा धोका कमी असतो, कर्करोगाच्या उपचारातल्या मात्रेत बराच जास्त. धोका कमी आहे म्हणून प्रश्न विचारायचा राहून चालत नाही. आणि तो 'औषध कोणते' असा न विचारता 'हाडांसाठी कधी सुई किंवा सलाइन घेतले का' असा विचारावा लागतो. एवढ्या बदलासाठी समोरचा माणूस आपला दवाखान्यांतला प्रवास कसा लक्षात ठेवतो, याची कल्पना असावी लागते. ती हातातून येत नाही.

जबड्यापुरत्या आत्मविश्वासाचा आणखी एक तोटा महाराष्ट्रात विशेष जाणवतो. ग्रामीण भागातल्या अनेक वृद्ध स्त्रिया वर्षानुवर्षे मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना आणि हिरड्यांना लावत आल्या आहेत. दात गेल्यावरही हिरड्यांना लावण्याची सवय राहते. त्यांच्या तोंडात रिज कशी आहे एवढेच पाहणारा विद्यार्थी गालाची आतली बाजू, ओठ आणि हिरडी यांमधली खाच, जिभेची कड पाहत नाही. जुनी कवळी काढून तिच्याखालचा पांढरा चट्टा पाहत नाही. तंबाखूविषयीच्या प्रश्नावर आजी 'नाही' म्हणतात, कारण त्यांना तंबाखू म्हणजे पुरुषांनी मळून खायची. मिसरीचे नाव घेऊन विचारले तर लगेच सांगतात.

उपचार ठरवताना दोन्ही मतांना खरी धार येते. साठीपुढच्या स्त्रीची एक दाढ रूट कॅनलने वाचण्यासारखी आहे. मुलगा म्हणतो, काढून टाका. ती स्वतः म्हणते, आता या वयात कशाला खर्च. विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतो आणि दाढ काढण्याची चिठ्ठी लिहितो. प्राध्यापकांच्या मते इथे वयाचा भेदभाव तिघांनी मिळून केला, आणि त्यांतली एक ती स्वतः. "स्वतःबद्दलचा हा कमीपणा तिने कुठून तरी उचललेला आहे. डॉक्टरने निदान पर्याय पूर्ण सांगायला हवेत, तेही तिच्याकडे बघून. विद्यार्थी मुलाकडे बघून बोलतो. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, कॉम्प्रेसरचा आवाज, तिला अर्धे ऐकू येते आणि ती मान डोलावते. ती मान डोलावणे संमती म्हणून लिहिले जाते."

प्राध्यापिका इथे सावध करतात, आणि त्यांचा इशारा या सबंध चर्चेत सर्वांत दुर्लक्षित आहे. "कमी उपचार म्हणजे भेदभाव, हे समीकरण करू नका, सर. नायमेगेनचे आर्न्ड कायझर यांनी 1981 मध्ये दाखवले की मागच्या दाढा गेल्या तरी पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील, तर पुष्कळांचे चावणे ठीक चालते. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असे नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला गुंतागुंतीचा ब्रिज बसवला आणि त्याला तो साफच करता येत नसेल, तर तो आपला अहंकार झाला. उलट ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात उरलेला नाही, त्याला दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा, असे 2002 च्या मॅगिल सहमतीपत्राने सांगितले. ती कुणाला परवडते हा प्रश्न उरतोच. वय बघून कमी करणे चूक, आणि वय न बघता सगळेच करणेही चूक." कमी उपचाराचे कारण विद्यार्थ्याला शब्दांत सांगता आले पाहिजे, आणि त्या कारणात 'वय' हा एकटा शब्द पुरेसा नसावा, यावर दोघे एकमत होतात.

वृत्ती मोजायची कशी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण वादाचा बराचसा गोंधळ तिथूनच निघतो. नेथन कोगन यांची वृद्धांविषयीच्या वृत्तीची मापनपट्टी 1961 ची आहे. वयावरून होणाऱ्या भेदभावाला 'एजिझम' हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1969 मध्ये दिले. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1998 मध्ये चौदा विधानांची पट्टी तयार झाली. दंतविद्यार्थ्यांसाठी खास पट्टी त्यानंतर वीस वर्षांनी, आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने आली आणि पुढे इतर देशांत ती तपासून घेतली गेली. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून बहुधा एकच चित्र दिसते: विद्यार्थ्यांची सरासरी वृत्ती तटस्थ किंवा किंचित अनुकूल. या निष्कर्षावर फार समाधान मानू नये. वर्गात बसून, प्राध्यापकांनी वाटलेल्या कागदावर 'वृद्धांवर उपचार करणे कंटाळवाणे असते' या विधानापुढे 'पूर्ण सहमत' अशी खूण कोण करेल?

आत्मविश्वासाच्या पाहण्यांचीही अडचण आहे. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्या परीक्षकाने मोजलेले कौशल्य यांचा मेळ फारसा बसत नाही, असे 2006 मध्ये 'जामा' या नियतकालिकातल्या आढाव्यात दिसून आले. सर्वांत कच्चे असणाऱ्यांचाच स्वतःबद्दलचा अंदाज सर्वांत चुकीचा होता. प्राध्यापक हे आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मांडतात. प्राध्यापिका मोजमाप बदला म्हणतात. "तुला किती आत्मविश्वास वाटतो, असे विचारू नका. तू दिलेल्या कवळीची कड टोचली तेव्हा तू काय केलेस, ते विचारा. आणि पेशंटलाही विचारा."

वृद्धाश्रमातली शिबिरे हा प्राध्यापकांच्या विभागाचा प्रांत, आणि तिथे प्राध्यापिका त्यांना सोडत नाहीत. सकाळी बस जाते, रांगेने तोंडे तपासली जातात, तक्त्यात आकडे भरले जातात, ब्रश आणि पेस्ट वाटली जाते, फोटो निघतो, दुपारी बस परत. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले होते की दोन गटांच्या केवळ भेटीने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, काम मिळून केलेले आणि संस्थेचा पाठिंबा, असे असेल तरच भेट उपयोगी पडते. शिबिरात देणारा आणि घेणारा सकाळपासूनच ठरलेले असतात. शिवाय वृद्धाश्रमात भेटणारे वृद्ध हे सगळ्या वृद्धांचे प्रातिनिधिक रूप नव्हे. पहाटे भाजीचा गाळा उघडणारी, नातवंडांना शाळेत सोडणारी, अजून वकिली करणारी माणसे तिथे दिसत नाहीत, आणि विद्यार्थ्याच्या मनात म्हातारपण म्हणजे परावलंबन एवढेच उरते. प्राध्यापक हे ऐकून घेतात. "शिबिरे बंद करू नयेत, तिथे परत जावे. एका विद्यार्थ्याला दोन माणसे नेमून द्यावीत, वर्षभर."

परत जाऊन करायचे काय, याचे उत्तर ड्रिलच्या बाहेरचे आहे. ताकेयोशी योनेयामा आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या 11 शुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेला अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रोज जेवणानंतर परिचारिकांनी किंवा काळजीवाहकांनी दात घासून दिलेल्या आणि दंतवैद्यकीय स्वच्छता मिळालेल्या वृद्धांत न्यूमोनिया कमी आढळला. तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे हे अंथरुणाला खिळलेल्यांच्या न्यूमोनियाचे एक मोठे कारण आहे. म्हणजे दुसऱ्याचे दात नीट घासून देणे आणि ते घरच्यांना शिकवणे, हा जीव वाचवू शकणारा उपचार आहे. विद्यार्थ्याच्या कोट्यात तो नाही, म्हणून त्याच्या लेखी तो उपचारच नाही. त्याच जपानने 1989 मध्ये 80 व्या वर्षी 20 दात राखण्याची मोहीम सुरू केली, आणि 2016 च्या सर्वेक्षणात त्या वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांनी ते गाठल्याचा अंदाज निघाला. भारतात केरळची 'मंदहासम' आणि कर्नाटकची 'दंतभाग्य' या योजनांनी गरीब वृद्धांना मोफत कवळ्या दिल्या. दोन्ही स्तुत्य, पण दात गेल्यावरचा विचार आणि दात राखण्याचा विचार यांतले अंतर इथे दिसते. पुढच्या पिढीतला वृद्ध रुग्ण तोंडात वीस दात, तीन जुन्या कॅपा आणि सहा गोळ्या घेऊन येईल. सीडीच्या कोट्याने त्याची तयारी होत नाही.

स्वतंत्र विषय हवा का, यावर दोघांचे मत शेवटपर्यंत जुळत नाही. प्राध्यापकांना हवा आहे: ज्याचा पेपर नाही ते कुणी शिकवत नाही आणि कुणी शिकत नाही. राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा 2023 मध्ये संमत झाल्यानंतर अभ्यासक्रमाची नव्याने आखणी करण्याची संधी आहे, ती दवडू नये. प्राध्यापिका विरोध करतात: अंतिम वर्षात आधीच आठ विषय आहेत, नववा आला तर हाउसच्या चार प्रकारांसारखी आणखी पाने पाठ होतील. त्यांचा आग्रह कोटा बदलण्यावर आहे. कवळ्यांची संख्या कमी करावी, पण प्रत्येक कवळीची तीन महिन्यांपर्यंतची भेट नोंदवल्याशिवाय सही करू नये. एक पेशंट झिजलेल्या जबड्याचा असावाच. एक काम दात असलेल्या, अनेक औषधे घेणाऱ्या वृद्धाचे असावे. आणि एक घरी जाऊन केलेले.

"आणि हे सगळे करवून कोण घेणार?" प्राध्यापक विचारतात. प्रश्न रास्त आहे. विषय विखुरलेला राहिला तर जबाबदारीही विखुरते, आणि ओपीडीच्या गर्दीत शिक्षकाला एका विद्यार्थ्यामागे उभे राहायला वेळ नसतो. विद्यार्थी शिक्षकाकडूनही उचलतो: सरांनी आजोबांना खुर्ची हळू उठवून, दोन मिनिटे बसवून मग खाली उतरवले की तोही तसेच करतो, सरांनी पाठीमागूनच 'नेक्स्ट' म्हटले की तोही म्हणतो. प्राध्यापिकांची तोड अशी की प्रॉस्थो, ओरल सर्जरी आणि सार्वजनिक दंतआरोग्य यांनी मिळून एक ओपीडी आठवड्यातून एकदा चालवावी, तिचा प्रमुख नेमलेला असावा, आणि इंटर्नची तिथे सक्तीची पोस्टिंग असावी. प्राध्यापकांना हे पहिले पाऊल म्हणून चालते. मात्र त्या पोस्टिंगचे गुण निकालात धरले जावेत, ही अट ते सोडत नाहीत. प्राध्यापिका गुणांना तयार आहेत, पण त्यांतला एक भाग पेशंटने द्यावा असे म्हणतात. पेशंटने दिलेले गुण विद्यापीठ मानणार नाही, असे प्राध्यापकांचे म्हणणे. निदान अंतर्गत गुणांत ते धरता येतात, असे प्राध्यापिकांचे.